पाठमोरी पेटी

संध्याकाळी साडेचारला बैठकीच्या खोलीतला कॉम्प्युटर मुका झाल्याचं उघडकीस आलं. पडद्यावर चित्र होतं, स्पीकरवर हिरवा दिवा होता, आवाज तेवढा नव्हता. आणि पाच वाजता लेक परगावच्या संगीत विद्यालयात शेवटच्या परीक्षेचं व्हायोलिन वाजवणार होती. विद्यालय ते थेट दाखवणार होतं. नंतर ऐकायची सोय नव्हती, आणि एका घराला एकच यंत्र जोडायची परवानगी होती. "मोबाइलवर कसलं ऐकता, मोठ्या पडद्यावर बघू," असं म्हणून वडिलांनीच कॉम्प्युटरची नोंद केली होती.

वडील फ्रिज दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये सुपरवायझर. हाताखालची माणसं त्यांना डॉक्टर म्हणत आणि ते त्यांना आवडत असे. "पाच मिनिटांचं काम आहे," असं जाहीर करून डॉक्टरांनी बाह्या सरसावल्या.

बिघाड नेहमी मागच्या बाजूला असतो, हा डॉक्टरांचा सिद्धान्त. फ्रिज भिंतीपासून ओढण्यात त्यांची अर्धी हयात आणि पूर्ण कंबर गेली होती. म्हणून कॉम्प्युटर घरात आला त्याच दिवशी त्यांनी त्याची पेटी उलटी ठेवली. पाठ खोलीकडे, तोंड भिंतीकडे. चालू करायचं बटण तोंडावर असल्यामुळे घरातलं प्रत्येक माणूस भिंतीच्या फटीत कोपरापर्यंत हात घालून, अडलेली गाय सोडवावी तसं चाचपत पेटी चालू करी.

यात भर म्हणजे घरात अबोला होता. गेल्या आठवड्यात डॉक्टरांची बहीण आली असताना स्वयंपाकघरातला फ्रिज थडथडू लागला. बायको म्हणाली, पाय हलतोय, खाली पुठ्ठा सारा. डॉक्टर बहिणीदेखत म्हणाले, "ज्यातलं कळत नाही त्यात बोलू नये." बहिणीने जाता जाता फ्रिजखाली पुठ्ठा सारला. थडथड थांबली. बायकोचं बोलणंही थांबलं. तेव्हापासून दोघांमधले निरोप डॉक्टरांची आई पोचवत होती, आणि टपाल खात्याइतक्याच उत्साहाने.

डॉक्टरांनी पेटीमागची एकेक वायर उपसली, पुसली, परत खोचली. आवाज नाही. बायको खिडकीजवळच्या खुर्चीत मटार सोलत होती. ती सासूबाईंना हळूच काहीतरी म्हणाली.

"ती म्हणतेय, एकदा पुढून बघ," आईने निरोप दिला.

"तिला सांग, बिघाड पुढे नसतो."

"समोर बसलीय ती. तुझं तोंड कुठे गहाण पडलंय?"

एक जुनं गाणं लावून डॉक्टरांनी आवाजाची खूण शेवटपर्यंत सरकवली. स्पीकर ढिम्म. आईने मात्र हवेत टाळी मारली आणि खिडकीपाशी डास झालेत अशी तक्रार केली. डासांचं नंतर बघू, असं डॉक्टर खेकसले.

मग वरच्या मजल्यावरचे निवृत्त गणिताचे मास्तर पायजम्यातच आले. कुणीही बोलावलं नव्हतं. त्यांनी स्पीकर कानाशी धरून शंख ऐकल्यासारखं ऐकलं, पेशंट गेला असं सांगितलं आणि खात्री करण्यासाठी दोन्ही स्पीकर उघडले. आत काय असतं हे बघून त्यांचं समाधान झालं. ते वर गेले. स्पीकरची आतडी टेबलावरच राहिली. डॉक्टरांनी मग पेटीचं झाकण काढलं. तिथे धूळ होती, आणि धुळीखाली डॉक्टरांना ओळखू येईल असं काही नव्हतं.

पाच वाजले. लेक पडद्यावर आली, वाकली, तिने हनुवटीखाली व्हायोलिन धरलं आणि वाजवायला सुरुवात केली. काचेच्या भांड्यातला मासा बोलावा तशी. डॉक्टर हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन उभे राहिले. वर्षानुवर्षं शिकवणीला पोचवलेली पोर, बंद दाराआडचा तिचा तो करकराट, तो थांबावा म्हणून केलेले नवस, आणि आज तो हवा होता तर नव्हता.

त्यांची नजर खुर्चीकडे गेली. मटार बाजूला पडले होते. बायकोचे डोळे मिटलेले होते आणि पाऊल ठेका धरत होतं. पडद्यावर लेकीचा व्हायोलिनवरचा गज थांबला. पाऊल थांबलं. गज हलला. पाऊल हललं.

तिच्या कानांपासून, वाढवलेल्या आवाजामुळे जरा अंतरावर धरलेले, इअरफोन होते. त्यांची पांढरी वायर पडद्याखालून, टेबलामागून त्या फटीत शिरली होती, थेट पेटीच्या तोंडात. अबोला सुरू झाल्यापासून लेकीची सरावाची रेकॉर्डिंग ती रोज दुपारी त्यांवर ऐकत होती. आवाज कधी गेलाच नव्हता. तो आठवडाभर खिडकीजवळ राहायला गेला होता.

वायर उपटावी, तर स्पीकर टेबलावर मरून पडलेले. राहिला एकच उपाय. "एक इकडे दे" एवढे तीन शब्द. डॉक्टर खुर्चीपाशी गेले. तोंड उघडलं. मिटलं. परत उघडलं, तेवढ्यात लेक वाकली. बायकोने इअरफोन मांडीवर ठेवले. त्यातून डासाएवढ्या टाळ्या ऐकू आल्या.

लगेच डॉक्टरांचा मोबाइल वाजला.

"बाबा, खरं सांगा. मधे तो अवघड तुकडा होता ना, तिथे माझा गज घसरला. कळलं का तुम्हाला?"

या वेळी आई निरोप न्यायला पुढे झाली नाही.

"तुझ्या आईला विचार," डॉक्टर म्हणाले. "मला त्यातलं कळत नाही."

त्यांनी मोबाइल पुढे केला. बायकोने आठवड्यात पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहिलं, मोबाइल घेतला आणि पाठ फिरवून बोलू लागली.

ताजी खबर अशी की मायलेकींचं बोलणं अजून चालू आहे. पेटीचं झाकण बसलं, दोन स्क्रू उरले. डॉक्टर स्वयंपाकघरात असून त्यांनी गॅसवर दोन कप चहाचं आधण ठेवलं आहे. साखरेचा डबा सापडलेला नाही. त्यांनी आईला विचारून पाहिलं. आई म्हणाली, तिला विचार.

आधण उकळतं आहे.