शांतूकाकांचा थांबा

आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेला मीच पहिला, म्हणून मला लिहिताही येत असेल असं गावाला वाटतं. तसं काही नाही. तरी शांतूकाकांविषयी लिहायचं धाडस करतोय. चुकलं तर त्यांनी समजून घ्यावं.

साठीतला माणूस लेंगा गुडघ्यापर्यंत गुंडाळून कासवाच्या पिल्लामागे वाळूत रांगतोय आणि बिस्किटांच्या रिकाम्या डब्यावर ठेका धरतोय, असं दिसलं तर ते आमच्या शेजारचे शांतूकाका. आमच्या किनाऱ्यावर कासवांची अंडी कुंपण घालून जपतात; राखणीला काका. पिल्लं बाहेर आली की समुद्रापर्यंत आपली आपण चालत जातात. बघायला आलेल्या पाहुण्यांचे हात शिवशिवतात. काकांचं पालुपद एकच, "ढकलू नका. त्याचं ते जाईल."

त्या चालण्यावरून काकांनी जाखडीसाठी गाणं रचलं. गणपतीत पायात चाळ बांधून गोल नाचतात, ती जाखडी. बाकीचे सिनेमातल्या चाली उचलतात, काकांची चाल स्वतःची. पण पिल्लू चार पावलं टाकून दम खातं, म्हणून ठेकाही मध्येच थांबायचा. किती वेळ, असं विचारलं तर म्हणायचे, "त्याला वाटेल तितका."

तालमीत पहिल्याच थांब्याला मागचा पुढच्यावर आदळला. मृदंगवाला हसून हसून मृदंगावरच आडवा झाला. थांबा तेवढा काढा, गाणं घेतो, अशी मंडळाने विनवणी केली. काका ऐकेनात. शेवटी त्यांचा मुलगा महेशदादा, मंडळातला सगळ्यात चांगला नाचणारा, सगळ्यांदेखत म्हणाला, "बाबा, आम्ही नाचायचं की कासव व्हायचं?"

गाणं गळालं. महेशदादा लोट्याला कंपनीत कामावर परत गेला, तो शिमग्यालाही आला नाही. काका त्याचा विषय काढत नसत. यंदा पिल्लं निघाली तेव्हा ते कुंपणाशी नुसते उभे होते. डबा घरीच.

परवा वहिनीने लोट्याहून व्हिडिओ पाठवला. तो लावून द्यायला काकांनी मला हाक मारली. नात पहिल्यांदा चालत होती. चार पावलं, मग उभी. मागून महेशदादाचा आवाज, काकांचीच चाल. ती थांबली की तोही थांबे. कडेने वहिनीचा हात पुढे आला, तेव्हा गाणं सोडून तो म्हणाला, "ढकलू नको. तिची ती जाईल."

काकांनी पुन्हा एकदा लावायला सांगितलं. मान खाली घालून ऐकलं. मग इतकंच म्हणाले, "थांबा बरोबर घेतलान."