ऐकून घेणारी थोरली

सुकन्या परदेशात नेमकं काय काम करते, हे निरवांगीत कोणी विचारलं की तिची आई सिंधुबाई म्हणायच्या, "मास्तरीण हाय." हे खरं नव्हतं, पण सोपं होतं. खरं सांगायला गेलं की प्रश्न वाढत जायचे.

त्या सकाळी भावकीतल्या गोजरबाई ताक न्यायला आल्या आणि सुकन्या ओसरीवरच बसलेली असल्यामुळे प्रश्न थेट तिच्यापाशी गेला.

"तिकडं करतीस तरी काय गं?"

"भांडणं मिटवायचं काम हाय, काकी."

"कुनाची?"

"केनियात गुरं-मेंढरं राखणारे लोक हायत. दोन जमाती. पाण्यावरनं भांडत्यात."

"म्हंजी आपल्यासारखीच मान्सं."

"तशीच."

"आन् ह्याचा पगार देत्यात?"

"देत्यात."

"भांडान न्हाय मिटलं तर?"

"तरी देत्यात."

गोजरबाईंनी ताकाचा तांब्या दुसऱ्या हातात घेतला. "आन् मिटलं तर?" त्यांनी विचारलं. "मंग काम सुटतं का?"

याचं उत्तर इंग्लंडच्या विद्यापीठात शांततेचा रीतसर अभ्यास करूनही सुकन्याला कोणी सांगितलेलं नव्हतं.

"तुझ्यासंगं शिकल्याली बाकीची?"

"एक मैत्रीण बोस्नियात हाय, एक कंबोडियात. एकजण जिनिव्हाला."

"जिनिव्हात बी भांडनं?"

"तितं न्हाईत. तितं नुसती कचेरी हाय."

गोजरबाईंनी मान हलवली. जिथं भांडण नाही तिथं कचेरी कशाला, हे त्यांना विचारायचं होतं, पण ताक सांडत होतं.

त्या गेल्यावर दादासो, म्हणजे सुकन्याचे वडील, मुद्द्यावर आले. ते सकाळपासून ओसरीच्या खांबाला टेकून तोच मुद्दा मनात घोळवत होते.

"जगाची मिटवतीस," ते म्हणाले, "तर आपलं एक मिटव."

आपलं एक म्हणजे सोनबाआबा आणि दत्तूनाना. हे दोघे सख्खे भाऊ, दादासोंचे थोरले चुलतभाऊ. दोघांत एक विहीर आणि तिच्यावर एक विजेची मोटार. ठरलेल्या दिवशी ज्याची पाळी त्याने पाणी घ्यायचं. सुकन्या कॉलेजात असताना एकदा ती मोटार जळाली. कोणी जाळली हे ठरलं नाही आणि तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद झालं. पण विहीर एकच असल्यामुळे निरोप तर द्यावाच लागे. त्यासाठी गोठ्यातली म्हैस होती. सोनबाआबा तिच्याकडे बघून मोठ्याने म्हणायचे, "फ्यूज गेलाय म्हनावं." पलीकडच्या आवारात दत्तूनाना मुकाट्याने उठून फ्यूज बघायला जायचे. म्हशीने आजवर एकही निरोप चुकवला नव्हता.

एरवी हे चाललंही असतं. पण रविवारी लोणी भापकरची माणसं सुकन्याच्या धाकट्या बहिणीसाठी, मनिषासाठी, सुपारी फोडायला येणार होती. आणि दोन्ही थोरले चुलते एका घोंगडीवर बसून एकमेकांशी बोलल्याशिवाय त्यांच्या समाजात सुपारी फुटत नसे. भावकीत दुही दिसली की पाहुणे पाणी पिऊन उठायचे.

मनिषाला मुलगा पसंत होता. तसं ती बोलली नव्हती. पण सिद्धू बारामतीला दुधाच्या शीतकेंद्रात कामाला होता आणि दुधाचा टेम्पो दारावरून गेला की मनिषाच्या हातातलं काम थांबायचं. टेम्पो सिद्धू चालवत नव्हता, तरी थांबायचं.

"ताई, जमंल का तुला?" तिने भांडी घासताना विचारलं. एवढंच विचारलं. सुकन्याने त्याच दिवशी काम सुरू केलं.

शिकवलेली पद्धत अशी होती : दोन्ही बाजूंना आधी वेगवेगळं भेटायचं, आणि समोरचा जे बोलेल ते आपल्या शब्दांत त्याला परत सांगायचं. आपलं म्हणणं पोचलं याची खात्री पटली की माणसाचा राग उतरायला लागतो. केनियात हे तिने पाहिलं होतं. तिथे मध्ये एक दुभाष्या असायचा आणि सगळं तसंही दोनदाच बोललं जायचं, ही गोष्ट तिच्या तेव्हा लक्षात आली नव्हती.

सोनबाआबा बाजेवर बसले होते. त्यांच्या बायको, गोजरबाई, चुलीपाशी.

"माझ्या पाळीला त्यानं मोटार चालू ठिवली आन् ती जळाली," आबा म्हणाले.

"म्हणजे तुमचं म्हणणं असं, की तुमच्या पाळीला नानांनी मोटार चालू ठेवली आणि ती जळाली."

"व्हय. त्येच म्हनलो."

"म्हणजे तुम्हाला हेच म्हणायचं होतं."

आबांनी बायकोकडे पाहिलं. मग ते बाजेवरून थोडे पुढे सरकले आणि आवाज चढवून, एकेक शब्द सुटा करत म्हणाले, "त्यानं. मोटार. जाळली."

"तुम्हाला फार राग आलाय, हे मला ऐकू येतंय, आबा."

"ऐकू येतंय म्हनती," गोजरबाई चुलीपाशी हळूच पुटपुटल्या. "ज्याला येतं त्यो सांगत बसत न्हाय."

सुकन्याचं लक्ष आबांवर होतं. पद्धतीतच तसं होतं : बोलणाऱ्यावरून नजर हलवायची नाही. त्यामुळे गोजरबाईंचं बोलणं तिला खरोखरच ऐकू आलं नाही, आणि गोजरबाईंची खात्री झाली.

दत्तूनाना स्वभावाने मऊ. तिसऱ्या वाक्यानंतर ते हातांनी खुणा करू लागले. मोटार जळाली हे त्यांनी दोन्ही तळहात उघडून दाखवलं. आपण जाळली नाही हे छातीवर हात ठेवून. सुकन्याला वाटलं, माणूस मोकळा होतोय.

गोजरबाईंच्या मनात वाईट काही नव्हतं. पुढचं सगळं त्यांच्या मायेमुळेच झालं. बारामतीच्या बाजारात त्यांना त्यांची बहीण भेटली, जी लोणी भापकरला दिलेली होती. तिकडे कानाचं औषध देणारं कोणी आहे का, एवढंच त्यांनी विचारलं. कोणासाठी हेही सांगावं लागलं. "पोरगी लई शिकली, पर बोललेलं समदं परत इचारून घ्यावं लागतं बिचारीला." बहिणीने औषधासाठी आणखी दोन घरी चौकशी केली. गाव ओलांडताना थोरलीच्या कानांचे लेकींचे कान झाले, आणि पाहुण्यांच्या ओसरीवर पोचेपर्यंत घराण्याचे.

शुक्रवारी दुधाच्या टेम्पोचा ड्रायव्हर खाली उतरला. तो एरवी उतरत नसे.

"दादासो, लोनीच्या पावन्यांचा निरोप हाय. रविवारी येत्यात, पर सुपारीआधी पोरीशी जरा बोलायचंय."

"बोला की. त्यात काय?"

ड्रायव्हरने टोपी काढून पुन्हा घातली. "हळू आवाजात बोलायचंय म्हनले. लांबनं."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. मनिषा आत गेली आणि भांडी घासायला लागली. ती घासलेलीच होती.

"तू केलंस काय नेमकं?" दादासोंनी सुकन्याला विचारलं.

"मी फक्त ऐकून घेतलं."

"मंग त्यास्नी तुला ऐकू येत न्हाय असं कसं वाटलं?"

सुकन्या म्हणणार होती, "म्हणजे तुमचं म्हणणं असं, की..." पण तिने तोंड मिटून घेतलं.

पाहुण्यांना जाऊन सांगावं, तर घाईघाईने खुलासा करणाऱ्यावर कोण विश्वास ठेवणार? सिंधुबाईंनी त्यांच्या परीने उपाय केला. त्या घरात कुजबुजत बोलायला लागल्या, म्हणजे सगळ्यांना सवय राहील. दादासो दोनदा "आँ?" म्हणाले आणि सिंधुबाई घाबरल्या. मग त्यांनी तो उपाय सोडून दिला.

रविवारी अंगणात घोंगडी अंथरली. सोनबाआबा आले, दत्तूनाना आले. सुकन्याच्या पद्धतीने नव्हे. मनिषावर आळ आलाय हे कळल्यावर दोघे आपापले आले आणि घोंगडीच्या दोन टोकांना बसले. मध्ये दादासो. समोर पाहुणे : सिद्धू मान खाली घालून, आणि त्याचे चुलते बिरूतात्या, सगळीकडे बघत.

बिरूतात्या माणूस पद्धतशीर होता. मनिषा पोहे ठेवून वळली तेव्हा त्यांनी हातातला तांब्या मुद्दाम फरशीवर पाडला. मनिषाचं काळीज आधीच इतकं धडधडत होतं की ती दचकली नाही. तात्यांनी नोंद घेतली. मग ते तोंडाला पंचा लावून हळूच म्हणाले, "पोरी, नाव काय तुजं?" मनिषाला नीट ऐकू आलं. पण थोरल्या माणसांनी दोनदा विचारल्याशिवाय चटकन बोलू नये, असं तिला लहानपणापासून शिकवलेलं होतं. ती दुसऱ्यांदा विचारायची वाट बघत उभी राहिली. तात्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

चाचणी तशी बरी होती. फक्त तिच्यातून चांगली रीत आणि वाईट कान वेगळे काढता येत नव्हते.

"बरं, सुपारी तर आना," दादासो घाईने म्हणाले.

सुपारी आली. अडकित्ता घराण्यातला जुना, पितळी, आणि तो दत्तूनानांच्या बंडीच्या खिशात असायचा. सगळ्यांत थोरले सोनबाआबा, म्हणजे फोडायची त्यांनी. आबांनी सवयीने गोठ्याकडे मान वळवली. मग पाहुण्यांकडे पाहिलं, दाराआड उभ्या मनिषाकडे पाहिलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मान घोंगडीच्या दुसऱ्या टोकाकडे फिरवली.

"दत्तू," ते म्हणाले, "अडकित्ता दे."

सवय दत्तूनानांनाही होती. आवाज आला, पण तो म्हशीला उद्देशून नव्हता. ते समोर बघत गप्प बसून राहिले.

बिरूतात्या सिद्धूकडे झुकले. "ह्यांचं बी तसंच दिसतंय," ते म्हणाले, आणि मांडीवरची टोपी उचलली.

दादासोंनी सुकन्याकडे पाहिलं. सुकन्याला जेवढं शिकवलं होतं त्यातलं काही आठवेना. दाराआड मनिषाने चौकट धरली.

टोपी घालता घालता बिरूतात्यांना दया आली असावी. ते सरकत दत्तूनानांजवळ गेले आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्याने म्हणाले, "नाना, थोरलं भाऊ अडकित्ता मागत्यात."

"ऐकलं मी."

"ऐकलं? मंग दिला का न्हाय?"

दत्तूनाना अडकले. आता ऐकलं नव्हतं म्हणावं, तर पोरीचं लग्न कानावरून मोडत होतं. ऐकून बोललो नाही म्हणावं, तर दुहीवरून. मऊ माणसाला अशा वेळी घाम येतो. नानांनी खिशात हात घातला.

"शोधत हुतो," ते म्हणाले. मग, घोंगडीच्या दुसऱ्या टोकाकडे तोंड करून, "घे, आबा."

अडकित्ता दादासोंच्या हातून पलीकडे गेला. पण बिरूतात्यांनी टोपी अजून ठेवली नव्हती. एका चाचणीवर विसंबणारे ते नव्हते.

"आबा, तुमी जरा हळूच काय तरी बोला," ते म्हणाले. "हितनं. कायबी. नाना, तुमी तिकडं तोंड करा."

सोनबाआबा विचारात पडले. कायबी म्हटलं तरी त्यांच्या मनात इतकी वर्षं एकच वाक्य होतं. अडकित्त्यावर नजर ठेवून ते ओठांतल्या ओठांत पुटपुटले, "मोटार तूच जाळलीस."

"मी न्हाय," गोठ्याकडे तोंड करून दत्तूनाना तितक्याच हळू म्हणाले. "फ्यूजला जाड तार तू घातली हुतीस, म्हनून त्यो उडलाच न्हाय."

"तार बारीक हुती."

"जाड हुती. मी बघितली."

"मंग तवाच का न्हाय बोललास?"

"तू म्हशीसंगं बोलत हुतास."

पाहुण्यांसमोर आवाज चढवायचा नाही आणि चाचणीही सोडायची नाही, म्हणून दोघे अधिकाधिक हळू भांडू लागले. आबांचे नुसते ओठ हलायचे आणि नानांचं उत्तर यायचं. मधोमध बसलेल्या दादासोंना निम्मं कळत नव्हतं, पण भावांचा एक शब्द वाया जात नव्हता.

बिरूतात्यांनी टोपी खाली ठेवली. चेहऱ्यावर समाधान होतं.

"लख्ख ऐकू येतंय," ते म्हणाले. "आन् भाऊ भाऊ किती बोलत्यात. आमच्याकडं तर बोलतच न्हाईत. फोडा सुपारी."

सोनबाआबांनी "जाडच हुती म्हन की मंग" असं काहीतरी पुटपुटत सुपारी फोडली. दारामागून चौकट सोडल्याचा आवाज आला. सिद्धूने पहिल्यांदा मान वर केली आणि त्याच दिशेने पाहिलं. त्याचे कान चांगले असावेत.

गूळ वाटताना बिरूतात्या सुकन्यापाशी थांबले. मघापासून त्यांना तिची उत्सुकता होती.

"तुमी थोरल्या व्हय. परदेशात असता म्हनं. काय काम करता तितं?"

"भांडणं मिटवते," सुकन्या म्हणाली.

घोंगडीवर मोटारीच्या तारेचं अजून चालूच होतं. आता दोघे एकमेकांच्या अगदी शेजारी येऊन बसले होते, कारण बोटांनी तारेची जाडी दाखवायची होती. तात्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग सुकन्याकडे पाहिलं.

"म्हंजी तुमचं म्हननं असं," ते सावकाश म्हणाले, "की तुमी भांडनं मिटवता."

सुकन्याने क्षणभर त्यांच्या कानाकडे पाहिलं. मग जरा पुढे झुकून, मोठ्याने, एकेक शब्द सुटा करत ती म्हणाली, "व्हय, तात्या."