पेशंटसोबत एक नातेवाईक

बावीस फेब्रुवारी, रविवार. काम एकच होतं: दहावीच्या दोन तुकड्यांचे तोंडी परीक्षेचे गुण शेवटचे एकदा तपासायचे आणि सोमवारी सकाळी दहाच्या आत मुख्याध्यापिकांना पाठवायचे. पावणेदहाला मी लॅपटॉप उघडला, दहाला त्याच्यावर भरलेला कप आडवा केला आणि दहा वाजून पाच मिनिटांनी तो छातीशी धरून चौथ्या मजल्यावर तावडेकाकांच्या दारात उभी होते.

तावडेकाकांनी लॅपटॉप हातात घेतला, उलटा केला आणि हुंगला. बाजारात लोक हापूस देठापाशी हुंगतात, तसा.

"काय सांडलं?"

"पाणी."

त्यांनी डोळे मिटून पुन्हा हुंगला. "खरां सांग गो. साखर किती?"

हा प्रश्न आमच्या बोरीवलीच्या सोसायटीत लहान मुलांनाही पाठ आहे. काका नोकरीभर आरे कॉलनीतल्या एका डेअरीत दूध तपासायला होते. दुधात पाणी किती, पावडर किती, साखर किती हे यंत्राच्या आधी त्यांचं नाक सांगायचं, असं ते सांगतात. यंत्राला विचारायची आता सोय नाही. निवृत्त झाल्यावर ते लॅपटॉप दुरुस्ती शिकले, तीही एकाच विषयातली: सांडलेलं. बाकी काही घेऊन गेलात, म्हणजे फुटलेला स्क्रीन किंवा उडालेलं चार्जिंग, तर दारातूनच परत. 'तो हाडांचा डॉक्टर, स्टेशनजवळ बघा,' असं सांगतात आणि दार लावून घेतात.

एकदा दुसऱ्या मजल्यावरच्या शहांच्या मुलाने लॅपटॉपवर ताक सांडलं आणि कुठेतरी वाचून तो रात्रभर तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला. काकांनी तो उघडला तेव्हा पंख्यात एक दाणा अडकलेला निघाला. तो तळहातावर घेऊन काका जिने उतरून शहांकडे गेले आणि शहाभाभींना एवढंच म्हणाले, "बासमती आहे. पुढच्या वेळी डाळपण टाका, खिचडी होईल." ही गोष्ट ते अजूनही नव्या पेशंटला सांगतात, आणि प्रत्येक वेळी ताकात हिंग वाढत जातो.

लोक त्यांच्याशी खोटं बोलतात हे मात्र खरं. सगळ्यांच्या लॅपटॉपवर पाणीच सांडलेलं असतं. मीही तेच म्हटलं, कारण गेलं वर्षभर माझी साखर बंद आहे. डॉक्टरांनी बंद केली, नवऱ्याने डबा वरच्या फळीवर ठेवला, आणि मी स्टाफरूममध्ये बिनसाखरेच्या चहाचे गुण इतक्यांदा सांगितले की दोघीतिघी माझ्यापासून लांब बसायला लागल्या. रविवारी सकाळी नवरा भाजी आणायला गेला की मी स्टूल घेते. एवढाच आमचा आठवड्याचा कार्यक्रम.

"आलं आहे," काका म्हणाले. "गवती चहा आहे. साखर दोन चमचे."

"दीड," मी म्हटलं.

"दोन. बोर्ड चिकटलाय सगळा. पाणी सुकतं, साखर खाते." मग त्यांनी दाराबाहेर मान काढली आणि जिन्यावरून पिशव्या घेऊन येणाऱ्या माझ्या नवऱ्याला ते निदान जसंच्या तसं ऐकवलं. चमच्यांसकट. डब्याची फळी त्याच दिवशी बदलली.

काकांच्या बैठकीच्या खोलीत भिंतीवर पुठ्ठा टांगलेला आहे: 'पेशंटसोबत एक नातेवाईक आवश्यक.' लॅपटॉप ठेवून जाता येत नाही. मालकाने बसायचं, बॅटरी धरायची, म्हणजे टॉर्च, आणि काका जो स्क्रू काढतील तो इडलीपात्राच्या सांगतील त्या खळग्यात टाकायचा. वरच्या थाळीत झाकणाचे, मधल्या थाळीत पंख्याचे, खालच्या थाळीत 'काळजाचे'. चूक झाली की ते स्क्रू परत लावून पहिल्यापासून काढतात. मी विचारलं, काकूंना हे इडलीपात्र लागत नाही का? काकू मुलाकडे कॅनडात आहेत. नात झाली तेव्हा सहा महिन्यांसाठी गेल्या, त्याला आता दोन वर्षं होतील. काका म्हणाले, "तिथे तयार पीठ मिळतं," आणि मला टॉर्च सरळ धरायला सांगितलं.

मला इडल्यांमध्ये रस नव्हता. मला फाइल हवी होती. एकशे बारा मुलांचे गुण, आठ संध्याकाळी बसून टाइप केलेले. दुसरी प्रत नव्हती. ज्या कच्च्या कागदांवरून ते उतरवले, ते मी शनिवारीच रद्दीवाल्याला दिले होते, कारण मला घरात पसारा चालत नाही. वर्गात रोज ओरडते, गृहपाठाची प्रत ठेवा, प्रत ठेवा. फाइल गेली असती तर एकशे बारा मुलांची तोंडी परीक्षा पुन्हा घ्यावी लागली असती, तीही बोर्डाच्या तोंडावर, आणि तेवीस वर्षांत पहिल्यांदा मुख्याध्यापिकांसमोर माझ्याकडे सांगण्यासारखं काही नसतं.

साडेदहाला काकांनी आतून एक नखाएवढी जाड पट्टी काढली. 'ह्याच्यात तुझं सगळं,' म्हणाले आणि ती घेऊन आतल्या खोलीत गेले. तिथे त्यांचा जुना कॉम्प्युटर असतो. अकराच्या सुमाराला बाहेर आले. मी विचारलं, फाइल वाचेल ना?

"बघू. दम धर."

मग बोर्ड औषधाने धुणं सुरू झालं. लहान मुलाच्या दातांचा ब्रश, एकेक कोपरा. अर्ध्यात थांबून त्यांनी पोहे केले. पोहे झाल्यावर त्यांना आठवलं की बोर्ड एक तास वाळला पाहिजे. त्या तासात त्यांनी मला डेअरीतल्या एका तबेलेवाल्याची गोष्ट सांगितली, जो दुधात पाणी घालायचा, पण बिसलेरीचं घालायचा. दीड वाजता त्यांनी आंबोळ्या घातल्या आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं वाढलं. मी नको म्हटलं. ते म्हणाले, उपाशी नातेवाईक चक्कर येऊन पडतो, मग पेशंट दोन होतात. सांबारं उत्तम होतं, आणि मला त्याचाही राग आला. दर अर्ध्या तासाला मी फाइलचं विचारत होते. दर अर्ध्या तासाला 'बघू'.

तीन वाजता मी मनातल्या मनात मुख्याध्यापिकांना द्यायचं पत्र लिहून काढलं. साडेतीनला त्यात राजीनामा घातला.

साडेचारला माझा फोन बंद पडला. चार्जर आतल्या खोलीत आहे, असं काका स्वयंपाकघरातून म्हणाले. ते तिसऱ्यांदा चहा ठेवत होते, माझ्यासाठी बिनसाखरेचा. मी आत गेले. जुन्या कॉम्प्युटरचा स्क्रीन चालू होता आणि त्यावर माझा तक्ता उघडलेला होता. दहावी अ, दहावी ब, एकशे बारा नावं, शेवटच्या गुणापर्यंत. शेजारी पेनड्राइव्ह, त्यावर चिकटपट्टी आणि चिकटपट्टीवर माझं नाव.

मी तो घेऊन बाहेर आले. काका हातात दोन कप घेऊन उभे होते.

"खरं सांगा काका. फाइल कधी मिळाली?"

त्यांनी कप टेबलावर ठेवले. इडलीपात्राची वरची थाळी उगाच सरळ केली.

"अकराक."

मग मी बोलले. मी शाळेत शिकवते, मला बोलता येतं. एकशे बारा मुलं, साडेपाच तास, माझं ब्लडप्रेशर आणि एका म्हाताऱ्या माणसाला हे शोभतं का, सगळं क्रमाने बोलले. मी थांबले तेव्हा ते माझ्याकडे न बघता म्हणाले,

"फाइल दिली काय माणूस जाता. गेल्या म्हयन्यात पहिल्या मजल्यावरच्या पोरीक लगेच दिलंय. पाच मिनटांत गेली. पोहे केल्लंय तिच्यासाठी. तसेच रवले."

मी पेनड्राइव्ह पर्समध्ये टाकला आणि घरी आले. चहा तिथेच राहिला, उघडलेला लॅपटॉपही.

सोमवारी सकाळी सात वाजता नवऱ्याच्या कॉम्प्युटरवरून गुण पाठवले. सात वाजून दहा मिनिटांनी मुख्याध्यापिकांचं 'मिळाले' आलं. तक्त्याच्या तीन प्रती काढून तीन ठिकाणी ठेवल्या. माझी शाळा दुपारची, म्हणजे हातात साडेचार तास होते. ओट्यावरचा मिक्सर मी फडक्याने पुसला, वायर गुंडाळली आणि तो घेऊन चौथ्या मजल्यावर गेले.

काकांनी दार उघडलं. माझ्याकडे बघितलं, मिक्सरकडे बघितलं. तो हातात घेऊन उलटा केला आणि हुंगला. दुसऱ्यांदा हुंगला.

"खरां सांग. काय झालां?"

"काही झालेलं नाही."

त्यांनी मिक्सर टेबलावर ठेवला, इडलीपात्र पुढे ओढलं आणि टॉर्च माझ्या हातात दिला.

"मगे वेळ लागतलो," म्हणाले.