किसनभाऊंचा बंदोबस्त

आमचे किसनभाऊ भाकरी फूटपट्टीनं मोजतात. वैष्णवीची भाकरी तव्यावरून ताटात पडायच्या आत त्यांची फूटपट्टी आडवी येते आणि निकाल लागतो, "अर्धा इंच जादा हाय." मी वैतागून म्हणते, मग मोडून टाका कड. ते खरंच कड मोडतात आणि स्वतः खातात.

भाऊ म्हणजे माझे थोरले दीर, वैष्णवीचे मोठे पप्पा. बियाण्याच्या कंपनीत होते. गावोगाव फिरून शेतातले बियाण्याचे प्लॉट तपासण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. रिटायर झाले, जाऊबाई वारल्या, मुलं पुण्यात रमली, तेव्हा केदारखेड्याचं घर बंद करून नवीन जालन्यात आमच्याकडे आले. त्याच वर्षी माझ्या वैष्णवीला शुगर निघाली. तेव्हा ती आठ वर्षांची होती. लहान मुलांच्या या शुगरला गोळ्या चालत नाहीत, रोज चार वेळा इन्सुलिन टोचावं लागतं. शुगर वाढली तर घोटाळा, आणि एकदम उतरली तर त्याहून मोठा. तेव्हा लगेच काहीतरी गोड द्यावं लागतं. हे मी आणि वैष्णवी महिनाभरात शिकलो. भाऊंनी त्यातलं अर्धंच पकडलं: गोड वाईट. "बिलकुल चान्स घ्यायचा न्हाई," हे त्यांचं पालुपद.

राजूरला गणपतीला गेलो, तर गाभाऱ्यासमोर रांग थांबवून पुजाऱ्याला म्हणाले, "महाराज, पोरीला खोबरं द्या. पेढा देवालाच ठेवा."

यंदा वैष्णवी पाचवीत, म्हणजे नव्या शाळेत गेली. जूनमध्ये मी वह्या, गणवेश, बूट यांच्यामागे पळत होते आणि भाऊ माझ्यामागे. बियाण्याच्या पोत्याला असतो तसा निळा टॅग त्यांनी तिच्या दप्तराला सुतळीनं शिवला. त्यावर नाव, इयत्ता, आजार, डोस आणि चार फोन नंबर. वैष्णवीनं तो रात्रीच उसवला.

"मम्मी, तिथं कोणालाच माहीत न्हाई अजून. पहिल्या दिवशीच सगळे माझ्याकडं बघत राह्यले तर?"

मी वर्गबाईंना भेटून सगळं सांगून आले होते. माझ्या मते तेवढं पुरे होतं.

भाऊंना पुरे नव्हतं. शाळेच्या रस्त्यावरचं एकही दुकान, कुल्फीचा एकही गाडा त्यांनी सोडला नाही. फोटो दाखवून ताकीद दिली, "ही पोरगी. हिला गोड द्यायचं न्हाई. रडली तरी न्हाई. मी सोता येऊन मागितलं तरी न्हाई." शिवाय शाळेच्या फाटकासमोरच्या कडुलिंबाखाली पोतं टाकून दिवसभर बसायला लागले.

"भाऊ, तिचं तिला शिकू द्या की," मी म्हटलं.

"शिकंल ना. मी कुठं अडवून राह्यलो?"

चौथ्या दिवशी खेळाचा तास होता. ग्लुकोजची पुडी दप्तरात, दप्तर वर्गात आणि वर्गाला कुलूप. धावून धावून पोरीचे हात थरथरायला लागले. शुगर उतरतेय हे तिला बराबर कळलं. बाई मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला होत्या, फाटकाबाहेरचं दुकान जवळ. ती तिथं गेली.

"काका, लिमलेटच्या गोळ्या द्या."

"तुला न्हाई देत बाई. तुझ्या मोठ्या पप्पांनी सांगितलंय."

"मला चक्कर येऊन राह्यली."

"तू बहाणे करशील, हे बी सांगितलंय त्यांनी."

पोरगी पायरीवर बसली. कडुलिंबाखालून भाऊ धावत आले. ती घामानं भिजली होती. "मोठे पप्पा, गोड पाहिजे. जल्दी," एवढंच म्हणाली.

"दे तिला गोळ्या," भाऊ दुकानदाराला म्हणाले.

दुकानदार इमानी माणूस. "भाऊ, तुमीच म्हणले व्हते, मी मागितलं तरी देऊ नको."

भाऊंनी अर्धं अंग काउंटरवरून आत घातलं आणि बरणीच उचलली.

पाव तासात वैष्णवी ठीक झाली. दुकानदारानं मला फोनवर सगळं सांगितलं, तेही तक्रारीच्या सुरात. पुडी दप्तरात ठेवायची अक्कल माझी होती, म्हणून आधी स्वतःवर चिडले. आता पुडी तिच्या खिशात असते. मग भाऊंसाठी चांगलं खरमरीत भाषण तयार केलं. पण ते घरी आले, जेवले नाहीत, आणि वही घेऊन तिच्यासमोर मांडी घालून बसले.

"सांग बेटा, गोड कधी लागतं, किती लागतं. मी तुला कधी विचारलंच न्हाई."

मी त्यांचं ताट झाकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं पुन्हा प्रत्येक दुकानात गेलो. या वेळी वैष्णवी बोलली. "काका, मी मागितलं की द्यायचं. मला कळतं कधी लागतं ते." भाऊ टोपी हातात धरून मागे उभे होते.

फाटकाशी ती थांबली. "मोठे पप्पा, आता इथं नका बसू. पोरी हसतात."

"जातो की," भाऊ म्हणाले. पोतं झटकलं, घडी घातली.

घरी येऊन मी गवार निवडायला बसले. भाऊ स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. पोतं काखेत तसंच होतं.

"वैष्णवीची आई," ते म्हणाले, "मंग आता दिवसभर मी काय करू?"

मी अर्धी गवार त्यांच्यासमोर सरकवली. ते खाली बसले आणि एकेक शेंग मोडायला लागले.