नियमात बसवलेलं लिंबू

रकानेसाहेबांनी नवा फॉर्म नमुना म्हणून स्वतःच्या घराच्या पत्त्यावर भरून बघायचं ठरवलं आणि तिथेच सगळं बिनसलं. एरवी माणूस सरळ. वीजबचत कार्यालयात एकवीस वर्षं हरितगृहांची तपासणी करत आलेला. खरं आडनाव वेगळंच होतं, पण फॉर्मातला एखादा रकाना मोकळा दिसला की त्यांचा जीव कासावीस व्हायचा, म्हणून सगळे त्यांना रकानेसाहेब म्हणत. (त्यांना तो मान वाटायचा.)

त्या वर्षी नवा नियम आला होता. आता नुसती हरितगृहंच नव्हे, तर दिव्यांच्या उजेडात रोपं वाढवणारी प्रत्येक बंद खोली नियमात आली. दिवे कमी विजेत जास्त उजेड देणारे हवेत, खिडकीच्या फटी बुजवलेल्या हव्यात, आणि सगळ्याची नोंद हवी. फॉर्म अर्थातच रकानेसाहेबांनी तयार केला. तो एका ओळीसाठी तिसऱ्या पानावर जात होता. ती ओळ होती, 'या जागेत कुणी माणूस बसतो का?' कागद वाचेल म्हणून रकान्यांनी ती उडवली. रोपांच्या खोलीत माणूस कशाला बसेल?

त्यांच्याच घरात बसत होता. त्यांचे वडील, अप्पा, सकाळचा चहा घेऊन मागच्या खोलीत जात ते जेवायलाच उठत. तिथे मोठ्या कुंडीत लिंबाचं रोप होतं. रकान्यांच्या आईनं ते बी पेरून वाढवलं होतं, आणि थंडीत तगावं म्हणून एका बंद पडलेल्या हरितगृहातून दोन जुने सोडियमचे दिवे आणून छताला टांगून घेतले होते. आई जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून अप्पा घरात कुणाशी चकार शब्द बोलत नसत. बोलायचे ते फक्त त्या लिंबाशी, हळू आवाजात, रोज तासभर. रकान्यांची बायको म्हणायची, "लिंबाशी का होईना, बोलतात ना!" रकाने कधी दाराशी जाऊन कान द्यायचे, पण त्यांची चाहूल लागली की आत सगळं चिडीचूप व्हायचं. आपला बाप झाडाशी बोलतो आणि आपल्याशी नाही, याचं त्यांना फार वाईट वाटायचं.

तर तो नमुन्याचा फॉर्म. कॉम्प्युटरला नमुना वगैरे काही कळत नाही. त्यानं अर्ज दाखल करून घेतला आणि तिसऱ्या दिवशी तपासणीचा आदेश काढला. पत्ता रकान्यांचा. तपासनीस रकाने.

"साहेब, हे माझंच घर आहे," रकाने वरिष्ठांना म्हणाले.

"मग पत्ता शोधायचा त्रास नाही."

"तसं नव्हे. स्वतःच्या घराची तपासणी स्वतःच कशी करायची?"

"दुसरा तपासनीस दाखवा मला. दोन जागा रिकाम्या आहेत आणि तिसऱ्याचा पाय प्लॅस्टरात आहे. आणि तुमच्याच घराला सूट दिली तर लोक काय म्हणतील?"

अजूनही अर्ज रद्द करता आला असता. पण रद्द करण्याच्या अर्जात 'चूक कोणाची?' असा एक रकाना होता. (तोही त्यांनीच घातलेला.) रकान्यांनी तो अर्ज हातात घेतला, दोनदा वाचला आणि परत फायलीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी स्वतःच्या दाराची बेल वाजवली.

"किल्ली विसरलात?" बायकोनं विचारलं.

"तपासणीला आलोय." त्यांनी गळ्यातलं ओळखपत्र पुढे केलं.

"बरं झालं सांगितलंत. मी ताट वाढायला निघाले होते."

मागच्या खोलीत अप्पा बोलता बोलता गप्प झाले. बाहेर कडाक्याची थंडी होती आणि आत अप्पा नुसत्या सदऱ्यावर बसले होते. रकान्यांनी दिवे मोजले, फटी मोजल्या, मान हलवली.

"अहो, त्या दिव्यांना हात लावू नका हं," बायको म्हणाली. "त्यांच्यामुळे खोली कशी उबदार राहते."

"तेच तर! अर्ध्याहून जास्त वीज नुसती उष्णता होऊन फुकट जातेय." आणि त्यांनी अहवालात लिहिलं, 'ही उष्णता कुणाच्याही उपयोगाची नाही.'

बायकोनं खांद्यावरून वाचलं. मग तिनं अप्पांकडे बघितलं. ते दिव्याखाली गुडघे शेकत होते.

"कुणाच्याही म्हणजे?"

"म्हणजे रोपांच्या गं. माणसांसाठी फॉर्मात जागाच नाहीये."

दिवे नापास झाले. नवे आले, पांढरेशुभ्र आणि थंडगार. जुने दिवे तपासनिसासमोर फोडायचे असा नियम होता, म्हणून रकान्यांनी ते स्वतःसमोर स्वतः फोडले आणि मालक व तपासनीस अशा दोन्ही जागी सह्या केल्या. अप्पा दारात उभे राहून बघत होते. ते काहीच बोलले नाहीत, म्हणून रकान्यांना वाटलं, हरकत नसावी.

चार दिवसांत खोलीचा बर्फ झाला. अप्पा आधी स्वेटर घालून बसले, मग कानटोपी चढवून, मग घोंगडी पांघरून, पण बसायचं सोडेनात. लिंबाची पानं पिवळी पडून गळायला लागली.

"कुंडी बाहेरच्या खोलीत आणा," बायको म्हणाली.

"फेरतपासणी पूर्ण होईपर्यंत नोंदलेली जागा बदलता येत नाही."

"मग निदान हीटर लावा!"

"त्याला वेगळी परवानगी लागते. केलाय मी अर्ज."

"कुणाकडे?"

"माझ्याकडे." रकाने खाली बघत म्हणाले. "आधीचे अठरा आहेत. क्रम मोडता येत नाही ना."

बायकोनं कपाळाला हात लावला.

तेराव्या अर्जावर असताना तिचा फोन आला. अप्पांना ताप भरला होता आणि श्वास लागत होता. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "म्हातारा माणूस इतक्या गारठ्यात बसला कसा?" न्यूमोनिया झाला होता. त्या रात्री लोखंडी बाकावर बसून रकाने रडले, अगदी हुंदके देऊन. आई गेली तेव्हाही ते असे रडले नव्हते. तेव्हा त्यांच्याकडे भरायला बरेच कागद होते.

अप्पा वाचले. अकरा दिवसांनी घरी आले. लिंबू वाचलं नाही. बायकोनं नियम धाब्यावर बसवून कुंडी बाहेर आणली होती, पण उशीर झाला होता. कुंडीत वीतभर काडी उरली होती. त्याच आठवड्यात ऑफिसातून रकान्यांना प्रशस्तिपत्र आलं. वीजवापरात सर्वाधिक घट. (अप्पा दवाखान्यात असताना त्या खोलीत दिवे कुणी लावलेच नव्हते.)

अप्पांनी हातानंच खूण करून कुंडी मागच्या खोलीत परत ठेवायला लावली आणि आपल्या खुर्चीत जाऊन बसले. रकान्यांनी विनापरवाना आणलेला हीटर त्यांच्या पायाशी लावला. एकवीस वर्षांतला त्यांचा हा पहिला गुन्हा. मग ते स्टूल ओढून शेजारी बसले.

"अप्पा," शेवटी त्यांनी धीर केला. "चूक माझी. सगळी माझीच."

अप्पा काडीकडे बघत राहिले. मग खाकरले.

"दोन वर्षं रोज समजावत होतो मी त्याला."

अप्पा बोलले होते, आणि चक्क रकान्यांशी. त्यांचे डोळे भरून आले.

"काय समजावत होतात, अप्पा?"

"हेच, की धीर धर. पोराला आज ना उद्या अक्कल येईल." अप्पांनी वाळक्या काडीवरून हळूच बोट फिरवलं. "तुझी आई वाट बघून गेली. आता हेही गेलं."