भांडार बसवण्याचं काम प्रगतिपथावर आहे

या जगात कोणतीही गोष्ट एकटी उभी राहत नाही. हे सत्य शहराच्या अभिलेखागाराला मागच्या मार्चमध्ये कळलं, आणि तेव्हापासून तिथे कोणतीच गोष्ट उभी राहिलेली नाही.

अभिलेखागार म्हणजे पाणीपुरवठा कचेरीच्या मागची दुमजली इमारत. शहरातल्या प्रत्येकाचा जन्म, मृत्यू, शाळाप्रवेश आणि घराचा नकाशा तिथे एकेचाळीस लोखंडी कपाटांत ठेवलेला आहे. (मृत्यू वरच्या मजल्यावर, जन्म खाली. जन्माला मागणी जास्त.) ही कपाटं सांभाळणाऱ्या अभिलेखपाल बाई सत्तावीस वर्षं त्याच टेबलावर आहेत. कुणी येऊन आजोबांचं नाव सांगितलं की बाई चष्मा कपाळावर सरकवत, क्षणभर छताकडे बघत आणि चार मिनिटांत कागद आणून समोर ठेवत. ही पद्धत अत्यंत अशास्त्रीय होती. बाई रजेवर गेल्या की ती बंद पडे, आणि मुख्य म्हणजे तिचं उद्घाटन करता येत नसे.

म्हणून संचालकांनी डिजिटल भांडार बसवायचं ठरवलं. लोकांनी घरबसल्या नाव टाकावं आणि पान पडद्यावर यावं, अशी योजना. त्यासाठी एक तज्ज्ञ आले. त्यांना पाठीचा त्रास असल्यामुळे ते स्वतःची उशी घेऊन आले होते. "पंधरा दिवसांत बसवून देतो," ते म्हणाले. उशीकडे पाहून बाईंना तेव्हाच शंका आली होती.

भांडाराचं सॉफ्टवेअर दहा मिनिटांत उतरलं. उतरल्यावर त्याने सांगितलं, मला डेटाबेस लागतो. डेटाबेस आणला. तो म्हणाला, मला अमुक लायब्ररी लागते (पुस्तकांची नव्हे, तयार कोडची). ती आली, तर तिला आणखी तिघी लागत होत्या. याला डिपेंडन्सी म्हणतात. एका पाहुण्याची व्यवस्था करावी आणि रिक्षातून तो, त्याचा मेव्हणा, मेव्हण्याची आत्या आणि आत्येचं पथ्य असं सगळं उतरावं, त्यातला हा प्रकार. एकूण डिपेंडन्सी सेहेचाळीस निघाल्या. पैकी एकतीस निमूट बसल्या, नऊ बसल्या पण बोलेनात, पाच जणींना नवी आवृत्ती हवी होती आणि एकीला जुनीच. शोधयंत्राचं म्हणणं पडलं, आधी डेटाबेस उठू दे. डेटाबेस म्हणे, शोधयंत्र उठल्याशिवाय मी उठत नाही. संचालकांनी तातडीची बैठक बोलावली आणि दोघांनी एकाच वेळी उठावं असा ठराव एकमताने केला. ठरावाची एक प्रत सर्व्हरच्या खोलीत, सर्व्हरला दिसेल अशी, चिकटवण्यात आली.

मग पोर्टचा प्रश्न निघाला. प्रत्येक सॉफ्टवेअर एका ठरावीक क्रमांकाच्या खिडकीत बसून काम करतं, तिला पोर्ट म्हणतात. भांडाराच्या खिडकीत आधीच हजेरीचं यंत्र बसलं होतं. ते दोन वर्षांपूर्वी बिघडलं आणि तेव्हापासून सगळे रोज वेळेवर आल्याचं दाखवत होतं. त्याला हात लावायला एकही कर्मचारी तयार होईना. इतका एकोपा त्या इमारतीत पूर्वी कधी दिसला नव्हता. शेवटी भांडारालाच दुसरी खिडकी दिली. तिचा क्रमांक कॉन्फिगरेशनच्या फाइलींमध्ये चौदा जागी बदलायचा होता. तेरा जागी बदलला. चौदावी जागा सापडायला अकरा दिवस लागले.

हे होईपर्यंत कागदांचं काय करायचं? संचालकांनी परिपत्रक काढलं: भांडार सुरू होईपर्यंत सर्व नोंदी 'स्थलांतराधीन' समजाव्यात आणि कुणालाही दाखवू नयेत. एकेचाळीस कपाटांवर कागदी पट्ट्या डकवण्यात आल्या आणि प्रत्येक पट्टीवर बाईंनी सही केली. कागद होते तिथेच होते. फक्त ते आता प्रवासात होते.

या प्रवासात बंबवाले अडकले.

बंबवाले म्हणजे अग्निशमन दलात तेहतीस वर्षं बंब चालवणारे गृहस्थ. महिनाअखेरीस ते निवृत्त होणार होते. त्यांच्या मते दोन वर्षं आधी. शाळेत घालताना मामाने हेडमास्तरांना अंदाजाने तारीख सांगितली होती आणि तीच पुढे कचेरीत चिकटली. आई मात्र मरेपर्यंत सांगत होती की नदीवरचा पूल गेला त्या आठवड्यात तू झालास. पूल गेला तो कचेरीच्या तारखेनंतर दोन वर्षांनी. जन्माची मूळ नोंद मिळाली की झालं.

दर गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी, इस्त्रीचा शर्ट घालून ते बाईंच्या टेबलासमोर उभे राहत.

"ताई, बसलं का ते?"

"बसतंय दादा. आज त्याला परवानगी कमी पडतेय."

"कुणाची?"

"त्याची स्वतःचीच. स्वतःच्या फोल्डरमध्ये लिहायची."

बंबवाले मान डोलवत. तेहतीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या माणसाला यात काही वावगं वाटलं नाही. "घरी बसायची भीती नाही हो," ते एकदा म्हणाले. "पण घंटा झाली की माझे पाय आपोआप बुटात जातात. घरी घंटा झाली की दूधवाला असतो."

ते गेल्यावर बाई बराच वेळ सात नंबरच्या कपाटाकडे बघत बसल्या. नोंद तिसऱ्या फळीवर, डावीकडून पाचव्या वहीत होती. चार मिनिटांचं काम. जेवणाच्या सुट्टीत, तज्ज्ञ उशीवर डोकं टेकून एरर वाचत असताना, बाईंनी स्वतःच्या सहीची पट्टी स्वतः सोडवली. (सही करणाऱ्यानेच सोडवू नये असं परिपत्रकात कुठेही नव्हतं. बाईंनी ते दोनदा वाचलं होतं.)

नोंद सापडली. बापाचं नाव बरोबर, गल्ली बरोबर, समासात शाईने 'पूल वाहून गेला' असंही लिहिलेलं. फक्त साल दुसरं होतं. पूल दोनदा गेला होता. (ठेकेदार एकच.) बंबवाले जन्मले ते पहिल्या खेपेला, म्हणजे कचेरीच्या तारखेच्याही तीन वर्षं आधी. त्यांनी तीन वर्षांपूर्वीच घरी बसायला हवं होतं. त्यानंतर त्यांनी विझवलेल्या एकशे बारा आगी नियमाप्रमाणे विझलेल्याच नव्हत्या. चौकशी लागली असती, आणि ती लावायला कारण ठरला असता त्यांनी स्वतः केलेला अर्ज.

बाईंनी वही मिटली, नवी पट्टी डकवली, सही केली आणि डबा न खाताच परत भरला.

पुढच्या गुरुवारी त्यांनी बंबवाल्यांच्या हातात एक पत्र दिलं. 'आपली नोंद स्थलांतराधीन असून पडताळणी भांडार कार्यान्वित झाल्यावर होईल.' पत्रातलं एकही अक्षर खोटं नव्हतं. अग्निशमन दलाने नियमावली उघडली. वयाची पडताळणी प्रलंबित असलेल्या सेवकास निवृत्त करता येत नाही. आदेश स्थगित झाला. बंबवाले पेढे आणणार होते, पण नेमकी घंटा झाली.

आणि मग जे कुणाच्याही ध्यानीमनी नव्हतं ते घडलं. भांडार चालू झालं.

सेहेचाळीसच्या सेहेचाळीस डिपेंडन्सी हिरव्या झाल्या. तज्ज्ञांच्या डोळ्यांत पाणी आलं. संचालकांनी सगळ्यांना सभागृहात बोलावलं. नमुन्यादाखल सात नंबरच्या कपाटातली पानं आधीच भांडारात चढवली होती. "पहिला शोध," संचालक गहिवरून म्हणाले, "आपल्या बंबवाल्यांच्या नोंदीचा घेऊया! बोलवा त्यांना."

बंबवाले आले. शर्ट तसाच इस्त्रीचा, पण आज गणवेशाचा. तज्ज्ञांनी नाव टाइप करायला घेतलं.

"एक शंका आहे," बाई म्हणाल्या. सत्तावीस वर्षांत त्या सभागृहात प्रथमच बोलत होत्या. "ही आवृत्ती सगळ्यांत नवी आहे ना?"

तज्ज्ञांचा हात थांबला. "नवी कालच आलीये. पण बाई, हात नका लावू. चाललंय ते चालू दे."

"म्हणजे आपण जुनीचं उद्घाटन करतोय?" बाईंनी अत्यंत नम्रपणे विचारलं.

जुनी हा शब्द कोणत्याच संचालकाला उद्घाटनाच्या दिवशी ऐकवत नाही. "छे छे! नवीच टाका. किती वेळ लागतो? दोन मिनिटं!"

तज्ज्ञांनी एकदा संचालकांकडे, एकदा बाईंकडे पाहिलं आणि बटण दाबलं. नव्या आवृत्तीला नवा डेटाबेस हवा होता, नव्या डेटाबेसला जुनं शोधयंत्र चालेना, आणि पंचवीस मिनिटांनी पडदा इतका लाल झाला की बंबवाले सवयीने उठून उभे राहिले. डिपेंडन्सींची नवी संख्या एकाहत्तर.

बाहेर जिन्यात बंबवाल्यांनी बाईंना गाठलं. "ताई, तुम्ही पाहिलंय ना ते पान?"

"पान स्थलांतराधीन आहे, दादा."

त्यांनी बाईंचा चेहरा वाचला. मग हळूच म्हणाले, "मग असू दे तिकडेच. प्रवासाला घाई करू नये." त्या वर्षीही दलातल्या डोळ्यांच्या तपासणीत ते पहिले आले.

त्या पत्राची बातमी शहरभर व्हायला वेळ लागला नाही. वर्षाच्या आत अभिलेखागारात पडताळणीसाठी एक हजार चारशे बारा अर्ज आले: वयाचे सहाशे, नकाशात नसलेल्या तिसऱ्या मजल्यांचे चारशे नव्वद, शाळेत पास झालो होतो अशा समजुतीचे दोनशे आणि उरलेले इतर. प्रत्येक अर्जाला बाईंचं तेच पत्र जातं, आणि ते मिळताच अर्जदार समाधानाने घरी जातो. प्रत्येक अर्जाच्या शेवटी, भांडार लवकरात लवकर सुरू व्हावं, अशी कळकळीची विनंती असते.

तज्ज्ञांचं म्हणणं असं की मनावर घेतलं तर आठ दिवसांचं काम आहे. त्यासाठी एका नागरिकाने फक्त एवढं लेखी द्यायचं की, माझी स्वतःची नोंद आहे तशी शोधून सगळ्यांसमोर पडद्यावर दाखवा. अर्ज खिडकी क्रमांक दोनवर, दहा ते पाच, मिळतो. आजवर एकानेही नेलेला नाही. तुम्ही इथवर हसत वाचलंत, म्हणजे तुमच्या पानात काळजीचं काही नसणार. उद्या येता का?