दोर न सोडणारे गुंडेराव मास्तर

गुंडेराव मास्तर कुत्र्याला फिरवायला निघाले की एका हातात दोर आणि दुसऱ्या हातात खुरपं असायचं. निजामाचं राज्य जाऊन वर्ष-दीड वर्ष झालं होतं. कुत्र्याला दोर लावून फिरवणारा माणूस बिदरात तोवर कुणी पाहिला नव्हता. त्याची घाण खुरप्यानं पुरणारा तर नाहीच.

मी त्यांच्याच शाळेत गणित शिकवायचो आणि शेजारी राहायचो. कुत्र्याचं नाव सुभेदार. रोज सकाळी दोघं कमठाण्याकडच्या सरकारी जंगलात जात. पायवाट सोडायची नाही, दोर सोडायचा नाही, मागं काही ठेवायचं नाही. "आपण तितं पाव्हणे हाव," मास्तर म्हणायचे.

खुरप्यावरून गावात वेगळीच कुजबुज सुरू झाली. रझाकारांच्या धामधुमीत सोनं पुरलेली माणसं होतीच. मास्तरही त्यातलेच, असं गावातल्या दोघांच्या डोक्यात शिरलं. एका सकाळी त्यांनी मास्तरांनी बुजवलेली जागा उकरली. नंतर ते दोघं विहिरीवर बराच वेळ हात धूत बसले होते.

डाळीचे व्यापारी बसप्पा तर त्यांना तोंडावरच म्हणाले, "मास्तर, निजाम गेला, जंगल आता आपलं. कुत्रं कामून बांधायलाव?"

"आपलं झालं म्हणूनच बांधायलोय."

एकदा हट्टानं मी त्यांच्याबरोबर गेलो. वाटेलगतच्या गवतात हरणाचं पाडस दडून बसलेलं. सुभेदारानं ते पाहिलं आणि उसळी घेतली. मास्तर बोरीच्या काट्यांत पालथे. चष्मा उडाला, धोतर फाटलं, दोर मनगटात रुतला.

"मास्तर, सोडा की दोर!"

"न्हाई सोडणार!"

"सुभेदार, थांब! मागं ये!" ते ओरडत होते. कुत्रं ऐकेना. पाडस चार हातांवर राहिलं. मास्तरांनी एकदा माझ्याकडं पाहिलं आणि ओरडले, "ब्याड! कुंद्रु!"

सुभेदार मटकन खाली बसला. पाडस लटपटत उठलं आणि झाडीत गेलं.

मी चकित. 'नको, बस' असं ते चक्क कन्नडात म्हणाले होते. कन्नड बोलणाऱ्यालाही मास्तर मराठीतच उत्तर द्यायचे. त्यांच्या दंडातले काटे काढता काढता मी विचारलं.

"ह्याला हिनं आणलं," ते म्हणाले. दोन वर्षांपूर्वी त्यांची बायको वारली होती. "आळंदकडची ती. ह्याच्याशी कन्नडातच बोलायची. ह्याला दुसरं काही कळत न्हाई. मी रोज इतं आल्यावर तसंच बोलतो. आज तुम्ही होतात म्हणून लाजलो."

"मग घरी कामून बोलत न्हाई?"

"घरी बोललं की वाटतं, आता ती आतून ओ देईल."

त्यांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला, दोर मनगटाला पुन्हा गुंडाळला आणि पायवाटेला लागले. थोडं पुढं गेल्यावर ते सुभेदाराशी हळू आवाजात काहीतरी बोलू लागले.

मी दहा पावलं मागंच राहिलो.